ह्वाशंगचा पहिला हिवाळा

छिंगयुन कुत्री घेऊन घरी आली तेव्हा अंगणात कोबीचे गड्डे उन्हाला मांडले होते आणि रांजण धुऊन पालथे घातले होते. कोबी आंबत घालायचे दिवस आले की उत्तरेकडच्या शिंगआनच्या डोंगरात हिवाळा अगदी दाराशी येऊन उभा राहिलेला असतो. अशा दिवसांत तिने पेटीचं झाकण उघडलं, आणि शेंगेच्या टरफलाच्या रंगाचं, काडीसारख्या पायांचं, मोठाल्या कानांचं एक चिमुकलं जनावर बाहेर आलं.

फू चांगलिनने चष्मा कपाळावर सारून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हिचे केस कुठे विसरलीस?" त्याने लेकीला विचारलं.

छिंगयुन दूर दक्षिणेला, नाननिंगमध्ये नोकरी करायची. कंपनी तिला दोन वर्षांसाठी परदेशी धाडत होती आणि कुत्रीला बरोबर नेता येत नव्हतं. कुत्रीचं नाव ह्वाशंग, म्हणजे शेंगदाणा. जन्म नाननिंगचाच. तिकडे भर हिवाळ्यातही माणसं सपाता घालून रस्त्याकडेला शेवया खात बसतात. जाताना लेकीने आईला बजावलं की हिला थंडी बिलकुल सोसत नाही. बापाला बजावलं की हिला अंगणात बांधायचं नाही. बाप म्हणाला, बांधायला आधी काहीतरी दिसायला तरी पाहिजे.

चांगलिनचं आयुष्य जंगलात लाकडं ओढण्यात गेलं होतं. त्याच्या ओळखीची कुत्री अस्वलासारखी केसाळ. ती बर्फात वेटोळं करून झोपायची आणि सकाळी अंग झटकून कामाला लागायची. घरात, तेही खांगवर, तापलेल्या विटांच्या त्या ओट्यावर माणसांच्या रजईत कुत्रं झोपतं, हे त्याला पटणारं नव्हतं.

त्याच्या बायकोचं, तोंग युशूचं, गाडं निराळं होतं. कामगारांच्या मुलांच्या शाळेत तिने उभी हयात विज्ञान शिकवलं होतं. अख्खं गाव तिला अजूनही तोंग बाई म्हणायचं. मुलं किडे, दगड, पक्ष्यांची अंडी घेऊन तिच्याकडे यायची आणि बाई उत्तर देण्याऐवजी त्यांनाच विचारायच्या, तुला काय वाटतं? निवृत्त झाल्यापासून हे विचारायला समोर कोणी उरलं नव्हतं. नवरा एका शब्दात उत्तर देऊन मोकळा व्हायचा. आता हे शेंगेएवढं जनावर घरात आलं आणि बाईंच्या डोक्यात पुन्हा चक्रं फिरायला लागली.

पहिला बर्फ पडला तेव्हा ह्वाशंग उंबरठ्यावर थबकली. तिने नाक पुढे केलं, बर्फाचा एक तुकडा चावला, शिंकली, आणि मग अंगणभर गोल गोल अशी उधळली की युशू हसता हसता दाराला टेकली. पण ते कौतुक थोडाच वेळ टिकलं. कुत्री मध्येच थांबली आणि तिने पुढचा एक पाय उचलला. तो खाली टेकवला आणि दुसरा उचलला. मग दोन्ही एकदम उचलता येईनात म्हणून तिने युशूकडे अशा नजरेने पाहिलं की जणू हा बर्फ युशूनेच आणून टाकला होता. युशूने तिला उचललं. ती थडथड कापत होती.

नवल म्हणजे ती घरातही कापायची. चूल पेटलेली असो, खिडकीला आतून प्लास्टिक ठोकलेलं असो, दारावर रजईचा पडदा असो, तरी हिची थरथर सुरूच. हे भीतीने की थंडीने, हे युशूला कळेना. ती हिच्या कानाला, पंजाला, पोटाला हात लावून बघायची. पोट तर जवळजवळ उघडंच होतं, गुलाबी, बटाट्याच्या सालीसारखं पातळ. एवढ्याशा अंगात ऊब राहणार कुठे? मोठं पातेलं उशिरा निवतं आणि वाटीतला चहा बघता बघता गार होतो, हे तिने वर्गात कितीदा समजावलं होतं. आता वाटी मांडीवर बसून कापत होती.

कुत्री मात्र आपली सोय शोधायची. ती नाक खाली घालून घरभर फिरायची आणि एका जागी धप्पकन बसायची. युशू तिच्यामागे जाऊन त्या जागेवर तळहात ठेवायची. भिंतीतून धुराची वाट जिथे वळायची तिथे हात बरोबर गरम लागायचा. या घरात इतकी वर्षं राहून युशूलाही ती वळणं ठाऊक नव्हती. पण किती ऊब पुरे, हे मात्र कुत्रीला कळेना. एकदा ती चुलीच्या तोंडाला इतकी चिकटली की मिशा करपल्याचा वास घरभर पसरला. चांगलिन ओरडला, मग कोठीत गेला आणि पत्र्याचा आडोसा करून त्याने चुलीपुढे उभा केला. घर जळेल म्हणून केलं, असं त्याने न विचारता सांगितलं.

खरी अडचण बाहेर जायची होती. थंडी वाढली तशी ह्वाशंगने बाहेर पाऊल टाकायचंच सोडलं. सकाळपासून ती सगळं पोटात दाबून बसायची. शेवटी एके दिवशी तिने आंबवलेल्या कोबीच्या रांजणाला पाणी घातलं. चांगलिनचा पारा चढला. पुढच्या वसंतापर्यंतची भाजी त्या रांजणात होती. तो म्हणाला की कोबीला आता नाननिंगची चव येणार. युशूने रांजण बाहेरून गरम पाण्याने तीनतीनदा धुतला आणि विचारात पडली. ही आळशी म्हणावी तर घरात दिवसभर पळते. मग बाहेर नक्की काय झोंबतं हिला?

आधी अंगाचा बंदोबस्त करू, असं तिने ठरवलं. नवऱ्याच्या जुन्या लोकरी विजारीचा एक पाय कापून तिने सदरा शिवला. ह्वाशंगला तो घातला तर ती जागच्या जागी ताठ उभी राहिली. मान वळेना, शेपूट हलेना.

"बघ, बैठकीला आलेला सरकारी माणूस," चांगलिन म्हणाला. "आता ही भाषण करणार." मग त्याला विजार ओळखू आली आणि तो हसायचा थांबला.

पण सदरा चालला नाही. लोकरीला बर्फाचे गोळे चिकटले. ते घरात वितळले आणि ओल्या सदऱ्यात कुत्री आधीपेक्षा जास्त कापायला लागली. युशूने सदरा उतरवून तिला टॉवेलने कोरडं केलं आणि तिच्या लक्षात आलं की ओल हा थंडीइतकाच वैरी आहे. दुसऱ्या खेपेला तिने आत कापूस घातला आणि बाहेरून छत्रीचं कापड लावलं. पोट पूर्ण झाकलं जाईल असा खालचा भाग मोठा ठेवला, बटणं पाठीवर आणली आणि काखेत कापड दाटणार नाही हे चालवून पाहिलं. गळ्याला उभी पट्टी ठेवली. ती दुमडली की कान आत जायचे. या अंगरख्यात ह्वाशंग थोडा वेळ रुसली, पण मग चालली.

तरीही रस्त्यावर ती पाय उचलायची. गावाच्या सार्वजनिक स्नानगृहासमोरून जाताना तर एकदा केकाटली आणि तिथेच बसली. युशूला कोडं पडलं, कारण अंगणातल्या बर्फात ती आता बराच वेळ टिकायची. थंडी दोन्हीकडे सारखीच. मग स्नानगृहासमोर वेगळं काय आहे? युशूने हातमोजा काढला आणि रस्त्यावरचा तो करडा चिखल बोटाने उचलून जिभेला लावला. स्नानगृहातून गुलाबी होऊन बाहेर पडणाऱ्या दोन बायका तिच्याकडे बघतच राहिल्या.

चिखल खारट होता. बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ टाकलं होतं. पंजांच्या गाद्यांना थंडीने बारीक चिरा पडल्या होत्या आणि त्यात हे मीठ जात होतं. घरी येऊन कुत्री तेच पाय चाटायची आणि मग ओकायची. ती का ओकते, याचाही शोध युशू आठवडाभर घेत होती.

तेव्हापासून त्यांनी तो रस्ता सोडला. बाहेरून आलं की कोमट पाण्याच्या तसराळ्यात चारही पाय बुडवायचे, बोटांच्या बेचक्यांतला बर्फ काढायचा, पुसून अगदी कोरडे करायचे. मग थोडं मेण आणि तेल एकत्र कढवून केलेलं मलम लावायचं आणि ते जिरेपर्यंत पाय हातात धरून बसायचं. हे धरून बसायचं काम हळूहळू चांगलिनकडे आलं. टीव्ही बघता बघता हातांना काहीतरी उद्योग असतो, असं तो म्हणायचा.

आणखी एक गोष्ट त्याने आपणहून केली. एका सकाळी युशू उठली तर तो अंगणात फावडं घेऊन घाम गाळत होता. लाकडांच्या गंजीमागे बर्फ कोरून त्याने छोटीशी खोली काढली होती. तीन बाजूंना छातीइतक्या भिंती, वर फळी, खाली भुसा. आत वारा लागतच नव्हता. लाकडं काढायला बरं पडेल, तो म्हणाला. युशूने ह्वाशंगला तिथे सोडलं. तिने भुशाचा वास घेतला, दोन गिरक्या घेतल्या आणि काम उरकलं. चांगलिन खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून उभा राहिला, पण तो हसतोय हे त्याच्या कानशिलांवरून कळत होतं.

झोपायच्या खोक्याचाही प्रश्न त्यानेच सोडवला. खोक्यात काहीही घातलं तरी कुत्रीच्या श्वासाने ते दमट व्हायचं. चांगलिन कोठीच्या माळ्यावर चढला आणि वूला गवताची पेंढी खाली घेऊन आला. जंगलात असताना माणसं हेच गवत बुटात भरायची, नाहीतर पायाची बोटं हातात यायची. त्याने ओंडक्यावर पेंढी ठेवली आणि लाकडी हातोड्याने ती कुटायला बसला. गवत रेशमासारखं मऊ झालं तेव्हा थांबला. किती वर्षांनी कुटलं हे, असं म्हणून तो आपल्याच हातांकडे बघत राहिला. खोकं विटांवर उचलून, दाराच्या फटीपासून लांब ठेवलं. त्या रात्री ह्वाशंग गवतात नाक खुपसून झोपली आणि पहिल्यांदा तिची थरथर थांबली.

असं करत करत वर्षाचा शेवटचा महिना आला. घरोघरी डाळीचं सारण भरलेल्या चिकट गोळ्यांच्या पाट्या वाफवून निघत होत्या आणि बाहेर रांजणात गोठवून ठेवल्या जात होत्या. युशूचे हात पिठात होते. दुपारपासून वारा उठला होता, आणि तोही साधा नाही. जमिनीवरचा बर्फ उचलून आडवा फेकणारा, ज्याला तिकडे पांढरा वारा म्हणतात तो. ह्वाशंग दाराशी घुटमळायला लागली. चांगलिन म्हणाला, मी आणतो हिला पटकन फिरवून. युशूने अंगरखा घालायला सांगितलं. तो म्हणाला, तुझी बटणं लावेपर्यंत ही इथेच करेल.

त्याने तिला बर्फाच्या खोलीत सोडलं, तेवढ्यात वाऱ्याने गोळ्यांच्या रांजणावरचं झाकण उडवलं. ते घरंगळत फाटकाकडे निघालं. चांगलिन त्याच्यामागे धावला. झाकण पकडून, दगड ठेवून तो परत आला तर खोली रिकामी होती.

तो घरात आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "आत आलीय ना ती?" एवढंच त्याने विचारलं. युशूने त्याचं तोंड पाहिलं आणि हातावरच्या पिठासकट कोट चढवला.

पावलांचे ठसे वाऱ्याने पुसले होते. चांगलिन फाटकातून रस्त्यावर गेला आणि हाका मारायला लागला. त्याच्या हाका दोन हातांवरही पोचत नव्हत्या. युशूने ह्वाशंगची वाटी वाजवली, गंजीभोवती फेरी मारली, लाकडांमध्ये हात घालून पाहिलं. मग ती मुद्दाम थांबली. शाळेत मुलं रडत यायची तेव्हा ती त्यांना आधी बसवायची आणि मग विचारायची. तसं तिने स्वतःला विचारलं. एवढंसं अंग, अंगावर कपडा नाही, समोरून असा वारा. ती वाऱ्याच्या तोंडावर जाणार नाही, जाऊच शकत नाही. वारा तिला ढकलेल त्या बाजूला जाईल, आणि तिथून जिथे ऊब असेल तिथे. ऊब शोधायचं काम तिला आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

वारा कुंपणाकडे वाहत होता. गंज आणि कुंपण यांच्यामध्ये बोळकांडी होती आणि शेवटची एक फळी खालून सुटलेली होती. पलीकडे लुआन देशानचं अंगण.

देशान एकटा राहायचा. गोठलेल्या तलावाला भोकं पाडून मासे धरायचा आणि बाजारात विकायचा. त्याच्या अंगणात थानतौ नावाचा कुत्रा साखळीला असायचा. कोळशासारखा काळा आणि वासराएवढा. दोन वर्षांपूर्वी चांगलिन करवत परत करायला गेला होता तेव्हा या थानतौने त्याच्या पोटरीचा लचका तोडला होता. देशान माफी मागायला मोठा मासा घेऊन आला. चांगलिनने माशाला हात लावला नाही, युशूने खाल्ला. तेव्हापासून दोघे पुरुष रस्त्यात भेटले तर फक्त मान हलवायचे. साखळी तर आपली जोखडासारखी जाड आहे, असं देशान म्हणायचा. पोटरीही माझीच आहे, असं चांगलिन घरी येऊन म्हणायचा.

युशूने फळी बाजूला सारली आणि रांगत पलीकडे गेली. थानतौचं लाकडी घर अर्धं बर्फात बुडालं होतं. तोंडावर गोणपाट लटकत होतं आणि त्याच्या कडांवर बोटबोट लांब हिमाची पिसं जमली होती. युशू गुडघ्यांवर बसली आणि त्या पिसांकडे पाहत राहिली. आतून उबदार श्वास येत असल्याशिवाय अशी पिसं धरत नाहीत. तिने काठीने गोणपाट जरासं उचललं.

आतून जमीन हादरावी तशी गुरगुर आली. अंधारात दोन डोळे दिसले, आणि त्यांच्या खाली, काळ्या केसांच्या ढिगातून दोन मोठाले कान वर आले. ह्वाशंग थानतौच्या पोटाशी गोळा होऊन पडली होती. कुत्र्याने मान तिच्यावर टाकली होती.

चांगलिन तिच्यामागून कुंपणापाशी आला होता. ते दोन कान पाहून त्याने आधी डोळे मिटले, मग बर्फावर बसकण मारली. क्षणभराने त्याच्यातला लाकूडतोड्या जागा झाला. मी आकडा आणतो, तो म्हणाला, गळ्यात अडकवून ओढून काढू.

"थांब," युशू म्हणाली. "बघ तिच्याकडे."

"बघतोय. तो खाईल तिला."

"अरे म्हाताऱ्या, खायचं असतं तर आत्तापर्यंत खाऊन झोपला असता. मी काय विचारते, ती कापतेय का?"

चांगलिनने वाकून पाहिलं. ह्वाशंग कापत नव्हती. इतक्या दिवसांत घराबाहेर ती पहिल्यांदाच स्थिर होती.

युशूने हिशोब मांडला. हिला आत्ता हिसकायचं म्हटलं तर थानतौ चवताळेल आणि झटापटीत हीच चेंगरेल. आहे तिथे ती आपल्या कोटात असती त्याहून गरम आहे. देशान बाजारातून अंधार पडायच्या आत येतोच, आणि कुत्रा ऐकतो तर फक्त त्याचं. मग आपण फक्त वारा अडवायचा. चांगलिनला हे पटायला वेळ लागला. काही न करणं त्याच्या हाडात नव्हतं. पण वारा फिरून गोणपाट आत लोटत होता, आणि ते मात्र त्यालाही दिसत होतं.

त्याने कोठीतून जुनं दार ओढून आणलं. ते घराच्या तोंडाला तिरकं टेकवायचं तर साखळीच्या टप्प्यात जावं लागणार होतं. युशूने दार धरायला हात पुढे केला तर त्याने तिला मागे सारलं. मग तो दार पुढे ढकलत, गुडघ्यांवर, हळूहळू सरकायला लागला आणि थानतौशी बोलायला लागला. जंगलात घोड्यांशी बोलायचा तशा खालच्या, एकसुरी आवाजात.

"हे बघ, मी तुझ्या घरातलं काही नेत नाहीये," तो म्हणत होता. "एकदा चावलास, माझी तक्रार नाही. चूक माझी, न सांगता आलो. आज सांगून येतोय. हे दार आहे. हे इथे लावतो आणि जातो. ती आमची पोर आहे, बरं का. केस नाहीत बिचारीला."

गुरगुर चालूच राहिली, पण वाढली नाही. चांगलिनने दार टेकवलं, बुडाशी बर्फ दाबून बसवला आणि तोंड न फिरवता तसाच मागे मागे आला. कुंपणापाशी येऊन त्याने टोपी काढली. डोक्यातून वाफा निघत होत्या.

मग दोघांनी पाळी लावली. एकाने देशानच्या लाकडाच्या छपरात बसायचं, दुसऱ्याने घरी जाऊन चुलीपाशी हात शेकायचे. उजेड पिवळा पडत आला तेव्हा देशान घसरगाडी ओढत अंगणात शिरला. आपल्या छपरात तोंग बाई, आपल्या कुत्र्याच्या घरापुढे फूचं दार, आणि फू स्वतः त्या दाराकडे टक लावून बसलेला, हे पाहून तो फाटकातच थांबला.

युशूने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा आणखीच गोंधळात पडत होता.

"पण वहिनी, ती तर रोजच येते की," तो म्हणाला. "मोठा बर्फ पडला तेव्हापासून. जेवायच्या वेळेला येते, थोडी बसते, जाते. मला वाटलं तुम्हीच धाडता."

युशूने मागच्या दुपारी आठवून पाहिल्या. दुपारी ती ह्वाशंगला बर्फाच्या खोलीत सोडायची आणि पाय धुवायचं पाणी कोमट करायला आत जायची. बाहेर यायला वेळ लागे तेव्हा कुत्रीही खोलीच्या तोंडाशी उशिराच उगवायची. ही जरा लाजाळू आहे, एकांत लागतो हिला, असं युशू लेकीला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत आली होती. जी कुत्रीच्या कापण्याचा, चाटण्याचा, ओकण्याचा माग काढत बसली होती, तिच्या नाकाखालून कुत्री रोज पाहुणचार घेऊन येत होती.

"मग मला सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं.

"फूदादा माझ्याशी कुठे बोलतात?" देशान म्हणाला.

त्याने दार बाजूला केलं आणि शीळ घातली. थानतौ आधी डोकं, मग खांदे असा सावकाश बाहेर आला आणि त्याने अंग ताणलं. ह्वाशंग आतच पेंढ्यात पडून राहिली. देशानने वाकून तिला एका हातात उचललं आणि चांगलिनपुढे धरलं. चांगलिनने कोट उघडला, तिला आत सरकवलं आणि कोट मिटला.

"ताज्या वाफवलेल्या गोळ्यासारखी गरम लागतेय," तो म्हणाला.

घरी येऊन युशूने दिव्याखाली कानांची टोकं तपासली, दाबली, रंग परत येतो का ते पाहिलं. पंजे, शेपटीचं टोक, सगळं जागेवर होतं. देशान त्या संध्याकाळी त्यांच्याकडे जेवला. त्याच्याच माशाचा आंबवलेल्या कोबीबरोबर रस्सा केला होता. चांगलिनने दोनदा वाढून घेतला. सुरुवातीला दोघे पुरुष फक्त माशाच्या काट्यांबद्दल बोलले. मग चांगलिनने आपणहून सांगितलं की थानतौच्या घराची पाठ चुकीच्या बाजूला आहे, वारा तोंडातून शिरतो. देशान म्हणाला, मलाही वाटत होतं, पण जमीन गोठल्यावर लक्षात आलं. उद्या बघू, चांगलिन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहारी आणि गरम पाण्याच्या बादल्या घेऊन दोघांनी ते घर उकरलं, फिरवलं आणि लाकडाच्या ठोकळ्यांवर उचलून बसवलं. आत वूला गवत भरलं. काम चालू असताना थानतौ येऊन चांगलिनच्या पोटरीपाशी उभा राहिला. चांगलिन दगडासारखा ताठ झाला. कुत्र्याने पोटरीचा लांबलचक वास घेतला आणि तो निघून गेला. त्याला चव आठवली असेल, देशान म्हणाला. चांगलिन हसला नाही, पण खिळेही त्याच्या हातातून पडले नाहीत.

कुंपणाची ती फळी तशीच सुटी ठेवली. ह्वाशंगला आता अंगरखा घालूनच सोडायचं, पांढरा वारा असेल तर नाहीच सोडायचं, आणि जरा वेळाने हाक मारून परत बोलवायचं, असं ठरलं. अंगरख्याचं एक बटण थानतौ रोज काढून टाकायचा. युशूने शेवटी बटणं काढली आणि नाड्या लावल्या.

छिंगयुनचा फोन आला की ती विचारायची, आई, तिला थंडी वाजत नाही ना? युशू खरं ते सांगायची. वाजते. पण काय करायचं हे आता तिलाही माहीत आहे आणि आम्हालाही. बाप मागून ओरडायचा की सांग तिला, तिची कुत्री फार माजलीय.

एक गोष्ट मात्र युशूला काही केल्या उलगडेना. थानतौसारख्या कुत्र्याने, ज्याने कधी मांजर जवळ येऊ दिलं नाही, त्याने हिला का घेतलं? कधीपासून? देशानलाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, कुत्र्याला विचारा. म्हणून युशू विचारायला लागली, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीवरचं दव पुसून रोज दुपारी बघायला लागली. तिला दिसलं की थानतौच्या घरापुढे जमिनीवर टाकलेल्या फळ्यांवर ऊन आलं की तो घराबाहेर येऊन एका ठरावीक फळीवर पसरतो. ह्वाशंग कुंपणातून येताना दिसली की उठतो आणि शेजारच्या, बर्फ असलेल्या फळीवर जाऊन बसतो. ही येऊन त्याच्या जागेवर बसते. तो जागा तापवून देतो, की हिच्यापुढे नुसताच उठतो? की हे सगळं आपल्याच डोक्यात आहे?

एका निरभ्र दुपारी तिच्याने राहवलं नाही. थानतौ उठला आणि ह्वाशंग अजून कुंपणाशी अंगरख्याच्या नाड्यांत अडकून धडपडत होती, तेवढ्या वेळात युशू लगबगीने देशानच्या अंगणात शिरली. थानतौला आता तिची सवय झाली होती. तिने हातमोजा काढला आणि बर्फात बसून उघडा तळहात त्याने सोडलेल्या फळीवर ठेवला.

दाराशी देशान उभा होता. हातात खरवडायचा मासा होता. काय झालं वहिनी, पडलात का, त्याने विचारलं.

"गप्प बस जरा," युशू म्हणाली, आणि दुसरा मोजा काढून तो हात तिने दुसऱ्या बाजूच्या, कोणीच न बसलेल्या फळीवर टेकवला.